लेकी बोले, सुने लागे

सम्राटाच्या वाढदिवसाचा दरबार भरला आहे. मंत्री आपापल्या जागी बसले आहेत आणि अशा वेळी सम्राटाची बहीण उठून पुढे येते. आपल्या मेलेल्या नवऱ्याचा कबुलीजबाब ती भर दरबारात मांडते. बारा-तेरा वर्षांपूर्वी ज्या राजद्रोहाच्या आरोपावरून सत्तर हजारांचे सैन्य कापून काढले गेले, तो आरोपच रचलेला होता, असे त्या कागदात आहे. सम्राट संतापतो, तिला बाहेर न्यायला सांगतो. तेवढ्यात एक मंत्री आसनावरून उठतो, मधोमध येऊन वाकतो आणि म्हणतो, या प्रकरणाची फेरचौकशी व्हावी. मग दुसरा उठतो. तो फक्त ‘अनुमोदन’ म्हणतो. मग तिसरा, चौथा. कोणी बंड करत नाही, कोणी घोषणा देत नाही. एखाद्या सभेच्या इतिवृत्तात शोभावा असा तो एक कोरडा शब्द दरबारात एकामागून एक उच्चारला जातो आणि सिंहासनावरचा माणूस प्रत्येक उच्चाराबरोबर थोडा म्हातारा होत जातो.

‘निर्वाणा इन फायर’ या 2015 च्या चोपन्न भागांच्या चिनी मालिकेतला हा प्रसंग मी किती वेळा पाहिला आहे, ते सांगायला संकोच वाटतो. तीस वर्षे सरकारी कचेरीत काढलेल्या बाईला त्यात काय दिसते, हे मात्र सांगता येईल. टिपणीवर पहिली सही करणे किती अवघड असते आणि पहिली झाल्यावर दुसरी किती सोपी होते, हे ज्याने फाइल हाताळली आहे त्याला कळते. चिनी ऐतिहासिक मालिकांचे वेड मला लागले ते तलवारबाजीमुळे नव्हे, कागदामुळे लागले. अर्ज, खलिता, जबानी, शेरा, सम्राटाची लाल शाईतली मंजुरी, कोणी कोणत्या शब्दात लिहिले आणि कोणता शब्द मुद्दाम गाळला, यावर चाळीस-चाळीस मिनिटांचे भाग रचणारी माणसे मला दुसरीकडे कुठे भेटली नाहीत. रेशमी पोशाख, केसांतली फुले आणि चहाचे नाजूक पेले हेही मला आवडतात, ते लपवण्यात अर्थ नाही. पण केवळ त्यांच्यासाठी कोणी सत्तर-ऐंशी भाग जागून काढत नाही.

या आवडीबद्दल जाब विचारला जातो, आणि तो विचारला जाणे स्वाभाविक आहे. 15 जून 2020 रोजी गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान मारले गेले. त्यानंतर चिनी ॲप्सवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. 24 नोव्हेंबरच्या 43 ॲप्सच्या यादीत वीटीव्ही आणि मँगोटीव्ही ही मालिका दाखवणारी ॲप्सही होती. तेव्हापासून आमच्याकडे पाहुणे आले की टीव्हीकडे एक नजर जाते आणि ‘अजून त्यांच्याच मालिका का?’ हा प्रश्न चहाबरोबर येतो. यावर ‘कलेला सीमा नसतात’ हे जे उत्तर सर्रास दिले जाते, ते मी देत नाही. कलेला सीमा असतात. या मालिकांची तर संहिताही सरकारी खात्याच्या चाळणीतून गेल्याशिवाय पडद्यावर येत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. चिनी माणसे आपल्याच राज्यकर्त्यांविषयी आपापसात काय बोलतात, हे ऐकण्याच्या ज्या मोजक्या जागा उरल्या आहेत, त्यांपैकी ही एक आहे. आणि ज्या शेजाऱ्याशी आपले वैर आहे, त्याच्या घरातली ही कुजबुज कानांवर येत असताना आपणच खिडकी लावून घेणे शहाणपणाचे नाही.

चिनी भाषेत एक म्हण आहे: तुतीकडे बोट दाखवायचे आणि शेजारच्या दुसऱ्याच झाडाला शिव्या घालायच्या. आपल्याकडे त्यासाठी याहून घरगुती शब्द आहेत, लेकी बोले सुने लागे. चीनमध्ये इतिहासावर लिहिणे ही शतकानुशतके सुनेला ऐकवण्याची रीत आहे. गेलेल्या राजवटीच्या नावाने चालू राजवटीला बोलायचे, हे तिथल्या लेखकाला ठाऊक, वाचकाला ठाऊक आणि दरबारालाही ठाऊक. मराठी माणसाला हे परके वाटू नये. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त 1907 साली रंगभूमीवर विराटाच्या घरचा कीचक उभा होता आणि प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाला लॉर्ड कर्झन दिसत होता, इंग्रज सरकारलाही तो दिसला आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. महाभारतातले आख्यान म्हणून सुटका झाली नाही.

चीनमधले असे सर्वांत भीषण उदाहरण हाय रुई या मिंग राजवटीतल्या अधिकाऱ्याचे आहे. 1566 साली या कनिष्ठ दर्जाच्या कारकुनी अधिकाऱ्याने ज्याजिंग सम्राटाला एक अर्ज लिहिला. हा सम्राट वीसहून अधिक वर्षे दरबारात फिरकलेला नव्हता; अमरत्वाच्या नादात तो ताओ पंथीयांबरोबर अनुष्ठाने करीत बसे. हाय रुईने त्याला सरळ लिहिले की तुमच्या नावाचा अर्थ लोक ‘घरोघरी सारे साफ’ असा लावतात, म्हणजे कोणाच्या घरात छदामही उरलेला नाही. चिनी उच्चारात तो श्लेष जमतो. मिंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात पुढची हकिकत दिली आहे. सम्राटाने कागद जमिनीवर भिरकावला आणि ओरडला, पकडा त्याला, पळू देऊ नका. जवळ उभा असलेला खोजा म्हणाला, तो पळणार नाही. त्याने शवपेटी विकत आणून ठेवली आहे, बायकोचा निरोप घेतला आहे आणि घरचे नोकर अगोदरच पांगले आहेत. सम्राटाने कागद उचलून पुन्हा वाचला. हाय रुईला तुरुंगात टाकण्यात आले, पण मारले गेले नाही, आणि काही महिन्यांत सम्राटच वारला.

ही गोष्ट इथेच संपली असती, तर ती एक बोधकथा झाली असती. 1959 साली खुद्द माओ यांनी हाय रुईच्या निर्भीडपणाचे कौतुक केले. मिंग काळाचे अभ्यासक आणि बीजिंगचे उपमहापौर वू हान (शहर नव्हे, माणूस) यांनी त्यावर लेख लिहिला आणि पुढे एक संगीत नाटक लिहिले. हाय रुईला पदावरून दूर केले जाते, हा त्याचा विषय. 1961 मध्ये ते रंगमंचावर आले. दरम्यान संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी माओंच्या आर्थिक मोहिमेवर टीका केली होती आणि त्यांचे पद गेले होते. नोव्हेंबर 1965 मध्ये शांघायच्या एका दैनिकात याओ वेनयुआन यांचा लेख आला, की हे नाटक मिंग काळाबद्दल नाहीच, आजच्या राजकारणाबद्दल आहे. सांस्कृतिक क्रांतीची, म्हणजे विरोधक आणि विचारवंतांवर तुटून पडलेल्या माओंच्या मोहिमेची, सुरुवात इतिहासकार याच लेखापासून मोजतात. वू हान 1969 मध्ये कैदेत मरण पावले. हाय रुईची भूमिका करणारे नामवंत नट मा लियानलियांग त्याआधीच, 1966 च्या डिसेंबरात गेले. चारशे वर्षांपूर्वीच्या सम्राटाने ज्याला जिवंत ठेवले, त्याच्यावर नाटक लिहिणारा विसाव्या शतकात वाचला नाही.

आता याच हाय रुईवर 2007 साली चीनमध्ये शेहेचाळीस भागांची मालिका निघाली, हे लक्षात घेतले म्हणजे ती पाहताना अंगावर काटा का येतो, ते कळेल. ‘मिंग डायनॅस्टी 1566’ हे तिचे नाव. सुरुवातीलाच बर्फ न पडण्याचे कारण राज्यकारभारात आहे, असे म्हणणाऱ्या ज्योतिषखात्यातल्या एका अधिकाऱ्याला राजवाड्याच्या वेशीवर काठ्यांनी मारून टाकले जाते. आणि मग काय सुरू होते, तर अंदाजपत्रकाची बैठक! कोणत्या खात्याने मंजुरीपेक्षा किती जास्त खर्च केला, तो कोणाच्या नावावर घालायचा, कोणत्या देयकावर सही करायला कोण का कू करतो, यावर मालिकेचा बराचसा पहिला भाग खर्ची पडतो. लाल शाईची मंजुरी खोजांच्या हातात आहे, आणि पडद्यापलीकडे, ध्यानाचे सोंग घेऊन, सम्राट शब्दन् शब्द ऐकतो आहे. मंत्री बोलतात एकमेकांशी, पण ऐकवतात पडद्याला. तीस वर्षांत मी अशा किती बैठकांना वह्या घेऊन बसले असेन! फक्त काठ्या नव्हत्या.

खजिना रिकामा आहे, म्हणून परदेशी रेशीम विकायचे ठरते. रेशमासाठी तुती हवी. झेजियांग प्रांतातल्या भातखाचरांत तुती लावा, असे फर्मान निघते. शेतकरी ऐकत नाहीत, तेव्हा अधिकारी धरणाचे बांध फोडतात, म्हणजे बुडालेले शेतकरी मिळेल त्या भावाने जमिनी विकतील. हा सगळा घाट कोणी एका दुष्टाने घातलेला नाही. प्रत्येकाने फक्त वरून आलेल्या कागदावर आपल्यापुरती सही केली आहे, आणि वर वर जात राहिले तर शेवटी पडद्यामागच्या त्या ध्यानस्थ माणसापाशी पोहोचावे लागते. तुतीकडे बोट दाखवण्याची म्हण असलेल्या भाषेतली मालिका तुतीवरच बेतलेली असावी, हा योगायोग असेल. मला तो तसा वाटत नाही. पहिल्यांदा दाखवली तेव्हा ती फारशी कोणी पाहिली नाही. दहा वर्षांनी, 2017 मध्ये, ती इंटरनेटवर पुन्हा आली आणि तरुण मुले एकेका संवादाचा अर्थ लावत बसू लागली.

जनानखान्याच्या मालिका हिच्यापुढे हलक्या समजल्या जातात. मला तसे वाटत नाही. ‘एम्प्रेसेस इन द पॅलेस’ (2011, शहात्तर भाग) ही मालिका जिने पाहिली, तिला एकत्र कुटुंबात नव्या सुनेने पहिले वर्ष कसे काढायचे असते, हे वेगळे सांगावे लागत नाही. कोणाच्या पेल्यात काय घातले, यापेक्षा कोणाच्या बोलण्याला कोण हसले नाही, हे तिथे महत्त्वाचे. मूळ कादंबरी कल्पित राजवटीतली होती. मालिकेने ती उचलून चिंग राजवटीतल्या योंगझेंग सम्राटाच्या काळात नेली. त्यानंतरची ‘स्टोरी ऑफ यांशी पॅलेस’ 2018 च्या उन्हाळ्यात आली आणि एकट्या आयचिई या व्हिडिओ मंचावर ती 1500 कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. जानेवारी 2019 मध्ये बीजिंगच्या सरकारी दैनिकाने दरबारी मालिकांचे दोष मोजून दाखवले: राजेशाही राहणीची फॅशन बोकाळते, कारस्थानांनी समाजमन दूषित होते, चैनीला उत्तेजन मिळून काटकसर मागे पडते, गल्ला हेच ध्येय होते, आणि सम्राट-प्रधानांच्या उदोउदोत आजच्या आदर्श वीरांचे तेज फिके पडते. काही दिवसांतच टीव्ही वाहिन्यांनी ठरलेली पुनःप्रक्षेपणे गुंडाळली. चैनीचा आक्षेप मलाही मान्य आहे. या मालिकांतली दासीसुद्धा आमच्याकडच्या नवरीपेक्षा जास्त नटलेली असते. पण शेवटचा आक्षेप वाचताना जाणवते की आरोप ठेवणाऱ्याला तेव्हा सून कोण, हे बरोबर कळले होते.

इथे आमच्यातलेच काही चाहते एक युक्तिवाद करतात, तो मला मुळीच पटत नाही. ते म्हणतात, बंधने आहेत म्हणूनच हे लेखन इतके तरल होते. सरळ बोलता येत नाही म्हणून आडून बोलण्याची कला साधते. ‘कीचकवधा’चे श्रेय इंग्रजांच्या कायद्याला द्यायचे का? आडून बोलण्याची कला बंधनांच्या कृपेने नव्हे, त्यांना चुकवून जगते, आणि किती ठिकाणी ती जगत नाही, हे आपल्याला दिसतच नाही. जे दिसते ते असे: 2011 मध्ये भूतकाळात जाणाऱ्या नायक-नायिकांच्या मालिकांवर नियामक खात्याने नापसंती दाखवली, त्यामुळे ‘जॉय ऑफ लाइफ’ 2019 मध्ये पडद्यावर आली तेव्हा मूळ कादंबरीतला पुनर्जन्म हा एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या गोष्टीचा भाग, अशी बाहेरून चौकट घालावी लागली. खऱ्या राजवटींवर लिहिणे जोखमीचे, म्हणून राजवटच काल्पनिक करायची. चिनी चाहते या प्रकाराला ‘अधांतरी’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. ‘निर्वाणा इन फायर’मधले लियांग राज्यही असेच अधांतरी. तिथे ते साधले, कारण लेखिकेला फेरचौकशीच्या त्या एका प्रश्नावर लिहायचे होते आणि कोणत्याही राजवटीत तो खराच आहे. पण तिच्यामागून आलेल्या डझनावारी मालिकांत अधांतरी राज्य म्हणजे नुसता रिकामा सेट होऊन बसला आहे. तिथे ना कर असतो, ना दुष्काळ, ना शेतकरी.

याहून गंभीर आक्षेप आहे, आणि त्यात तथ्य आहे. या मालिका शेवटी सम्राटालाच थोर करतात. 1999 च्या ‘योंगझेंग डायनॅस्टी’त चाळीसवर भाग एक सम्राट दिवसरात्र कागद वाचतो, भ्रष्ट अधिकाऱ्यांना उघडे पाडतो, सख्ख्या भावांचे वैर पत्करतो आणि कामाखाली दबून मरतो. पंतप्रधान झू रोंगजी यांची भ्रष्टाचाराविरुद्धची मोहीम तेव्हा जोरात होती आणि प्रेक्षकांनी दोन्हींची सांगड घालायला वेळ लावला नाही. खरा योंगझेंग रोचक होता हे खरे. लाल शाईत शेरे लिहिण्याची त्याची हौस अफाट. तियान वेनजिंग या अधिकाऱ्याच्या अर्जावर त्याने लिहिले आहे, ‘मी हा असाच माणूस, हा असाच स्वभाव, हा असाच बादशहा!’ कुठल्याही वरिष्ठाने फाइलवर असे लिहिलेले मी पाहिले नाही, पाहिले असते तर त्या माणसासाठी मीही थोडी जास्त राबले असते. हाच या मालिकांचा धोका आहे. कष्टाळू, एकाकी, गैरसमज झालेला सत्ताधीश पडद्यावर आला की आपण त्याच्या टेबलाच्या बाजूने पाहू लागतो, अर्जदाराच्या बाजूने नाही. गंमत म्हणजे, या मालिकेची पटकथा लिऊ हपिंग यांची आणि आठ वर्षांनी आलेल्या ‘1566’ चीही त्यांचीच. एकाच लेखकाने आधी राबणारा सम्राट रंगवला आणि मग पडद्यामागे बसून सगळ्या पापांचा धनी झालेला. दोन्ही मालिका एकापाठोपाठ पाहिल्या तर प्रचार कुठे संपतो आणि लेखक कुठे सुरू होतो, याची समज येते. एकही न पाहता ती येत नाही.

माझ्या आईला इंग्रजी उपशीर्षके वाचता येत नाहीत, म्हणून रात्री मी तिला प्रत्येक वाक्य मराठीत सांगते. ‘निर्वाणा इन फायर’चा नायक विचारात पडला की वस्त्राची किनार बोटांत चोळत बसतो; ही त्याची लहानपणची खोड, आणि तो नाव-चेहरा बदलून आलेला असला तरी त्या खोडीवरून त्याची ओळख पटत जाते. आईला हे माझ्याआधी दिसले. वाढदिवसाच्या दरबाराचा प्रसंग संपला, कलंक धुतला गेला, सरदारांच्या नावाचे स्मृतिफलक पुन्हा उभे राहिले, तेव्हा मी डोळे पुसत होते. आई म्हणाली, “अगं, पण त्या सत्तर हजारांच्या बायका-पोरांचं काय झालं? त्यांना कोणी काही सांगितलं का?” चोपन्न भागांत यावर जवळजवळ काही नाही. न्याय मागितला जातो सम्राटाकडे, मागतात राजपुत्र आणि उमराव, आणि मिळतो तो घराण्याच्या नावाला. या मालिकांवरची इतकी नेमकी टीका मी कुठल्या समीक्षकाकडून ऐकलेली नाही.

पण मग हाच प्रश्न आपल्या ऐतिहासिक मालिकांना विचारायला हवा, आणि तो विचारण्याइतकेही आपण त्यांत काही ठेवत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. वसुली, तगाई, फिर्याद, निवाडे, कोणाला वतन मिळाले आणि कोणाचे जप्त झाले, सगळे त्यात आहे. मालिकेत यातले काय येते? तोफा येतात, भगवा येतो, मंद गतीत दौडणारे घोडे येतात. पेशवाईतल्या कारभाऱ्यांची एखादी अंदाजपत्रकी बैठक मी अजून पाहिलेली नाही. आपल्याकडे मालिकांची संहिता चाळणारे सरकारी खाते नाही, हे खरे. आपल्याकडे भावना दुखावतात. ‘घाशीराम कोतवाल’ 1972 साली आले आणि एकोणीस प्रयोगांनंतर थांबवावे लागले. ते नाना फडणविसांच्या चरित्राबद्दल नव्हते, हे तेव्हाही सांगितले गेले आणि ऐकले गेले नाही. ते पुन्हा उभे राहिले, जगभर फिरले, हा आपल्या व्यवस्थेचा मोठेपणा आहे आणि वू हान यांच्या शेवटाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. तरीही पन्नास वर्षांनंतर एखादी वाहिनी चुकणारा, घाबरणारा, कर्जाने पिचलेला मराठी सत्ताधीश दाखवायला धजेल, असे मला वाटत नाही.

राहिला बंदीचा प्रश्न. ॲप्सवरच्या बंदीची कारणे माहितीच्या सुरक्षेची होती आणि त्यांवर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण मालिकांपुरते पाहिले तर यूट्यूबवर त्या आजही इंग्रजी उपशीर्षकांसह पडून आहेत. म्हणजे ज्याला इंग्रजी येते, त्याचे काहीच अडलेले नाही. अडले ते आईसारख्यांचे. हिंदी, मराठी, तमिळमधली उपशीर्षके कोणी तरी पैसे घालून करायची, तर तो बाजारच नको म्हटल्यावर ती होणार कशी? चिनी शिकवणारे विभाग आपल्या विद्यापीठांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके; तिथल्या विद्यार्थ्यांना हाय रुईचा अर्ज आणि ‘1566’चा पहिला भाग एकत्र वाचायला-पाहायला देऊन मराठीत उतरवायला सांगितले, तर सीमेपलीकडच्या राज्यकर्त्यांचे मन त्यांना एखाद्या धोरणपत्राइतकेच कळेल. तोवर आमच्या घरी भाषांतराचे काम माझ्याकडे आहे. सध्या ‘1566’ चालू आहे. बांध फुटले आहेत, आणि आई रोज जेवताना विचारते, जमिनी विकल्या का गं त्यांनी?